गाणं तिचं, तंबू कुणाचा?



मागच्या बुधवारी कार्यक्रम संपताना दोन-तीन मिनिटं उरली होती, म्हणून आम्ही एक जुनं इंग्रजी गाणं लावलं. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीवरचं, खरखर करणारं. दुसऱ्या दिवशी गिरणीत दळण घेऊन गेले, तर एका मावशींनी मला गाठलंच. "काल ती बाई रडत होती का भांडत होती गं?" मी म्हटलं, "मावशी, दोन्ही." त्यांनी पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि जाता जाता विचारलं, "मग पैसे मिळाले का तिला त्याचे?"

आता काय सांगणार? उत्तर मला ठाऊक होतं, पण गिरणीच्या आवाजात सांगण्याइतकं ते लहान नव्हतं. म्हणून आजचा सगळा वेळ मावशींच्या प्रश्नाला.

त्या गाणाऱ्या बाईचं नाव बेसी स्मिथ. अमेरिकेची. आणि त्या गाण्याच्या प्रकाराला म्हणतात ब्लूज. इंग्रजीत 'ब्लू' म्हणजे निळा, आणि मन उदास असलं तरी तोच शब्द वापरतात.

हे गाणं आलं कुठून, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे मोठमोठे मळे होते आणि तिथे आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना गुलाम म्हणून राबवलं जाई. १८६५ साली ती गुलामगिरी कायद्यानं संपली. आपल्याकडे जोतीराव फुल्यांना हे माहीत होतं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. पण कायदा झाला म्हणून पोट भरत नाही. सुटलेल्या माणसांकडे जमीन नव्हती. त्यांनी जुन्याच मालकांची जमीन वाट्यानं कसायला घेतली. बियाणं मालकाचं, दुकान मालकाचं, हिशेबाची वहीही मालकाकडे. वर्षाच्या शेवटी बाकी निघायची ती बहुधा कसणाऱ्याच्याच अंगावर. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि बाईला काय वाट होती? कापूस वेचा, नाहीतर गोऱ्यांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक. तिसरी वाट फार थोड्या जणींना सापडली. ती होती तंबूतल्या रंगमंचाची.

ब्लूज गायचं कसं, तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी ऐकताना तुमच्या लक्षात येईल. एक ओळ गायची. तीच ओळ पुन्हा गायची, जराशी वळवून. तोवर तिसरी ओळ मनात जुळलेली असते, ती उत्तरासारखी येते. प्रत्येक ओळीनंतर गाणारी थोडी जागा सोडते आणि त्या जागेत गिटार किंवा पियानो बोलतो. जात्यावर एकीनं ओवी म्हणावी आणि समोरचीनं ती उचलावी, असं काहीसं. सूरही सरळ नसतो. पेटीची एक पांढरी पट्टी आणि तिच्या शेजारची काळी पट्टी, या दोघींच्या मधे कुठेतरी तो सूर राहतो. पेटीवर तो वाजत नाही, गळ्यातूनच यावा लागतो. मावशींना रडल्यासारखं वाटलं ते त्यामुळे. आणि विषय? सोडून गेलेला नवरा, मारणारा नवरा, पूर, दारू, तुरुंग, घरभाडं. देवाधर्माची गाणी वेगळी. धार्मिक माणसं तर ब्लूजला सैतानाचं गाणं म्हणत.

आता तंबूकडे येते. हे गाणं मोठ्या रंगमंचावर नेण्यात ज्या बायका पहिल्या होत्या, त्यांत एक मा रेनी. मा म्हणजे आईच. खरं नाव गर्ट्रूड. ती सांगत असे की १९०२ साली मिझुरी राज्यातल्या एका गावात त्यांचा खेळ चालू होता, तिथे एक पोरगी तंबूपाशी आली आणि तिला सोडून गेलेल्या माणसाचं एक विचित्र, चटका लावणारं गाणं गायली. मा रेनीनं ते गाणं त्या पोरीकडून शिकून घेतलं आणि आपल्या खेळाच्या शेवटी म्हणायला लागली. त्या पोरीचं नाव कुठे नोंदलेलं नाही. मला या सगळ्या हकिकतीत सगळ्यात जास्त तिचीच आठवण येत राहते.

१९०४ साली मा रेनीचं लग्न झालं. नवरा विल रेनी हाही खेळातलाच. दोघं मिळून 'रॅबिट फूट' नावाच्या फिरत्या कंपनीत आणि तसल्या इतर कंपन्यांत गायची, नाचायची, विनोदी सोंगं करायची. आपल्या तमाशाचा फड ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे चित्र लगेच दिसेल. दुपारी बँड वाजवत गावातून मिरवणूक निघायची, संध्याकाळपर्यंत तंबू उभा राहायचा, रात्री खेळ, आणि मग सगळं गुंडाळून पुढचं गाव. कापूस निघाला की मजुरांच्या हातात चार पैसे येतात, म्हणून कंपन्या सुगीच्या मागोमाग फिरत. तंबूत गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला. मधली वाट दोघांना वेगळं ठेवणारी. गाणं मात्र दोघांनाही एकच.

मा रेनी दिसायला काही नाजूक नव्हती. ठेंगणी, जाडजूड, पुढचे दात सोन्यानं मढवलेले, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ, हातात पिसांचा मोठा पंखा. एका खेळात रंगमंचावर एक प्रचंड मोठा ग्रामोफोन ठेवलेला असे. गाणं सुरू व्हायचं, आवाज त्यातून यायचा, लोकांना वाटायचं तबकडी लागलीय, आणि मग त्या ग्रामोफोनचं दार उघडून मा रेनी स्वतः बाहेर यायची! लोक वेडे व्हायचे. मला वाटतं तिनं त्यात जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं, की तबकडीत आवाज असेल, पण बाई इथे आहे.

कारण तोवर तबकड्यांचा धंदा सुरू झाला होता. १९२० साली मेमी स्मिथ नावाच्या गायिकेची एक ब्लूज तबकडी निघाली आणि हातोहात खपली. तोपर्यंत कंपन्यांना वाटत होतं, काळे लोक कशाला तबकड्या विकत घेतील? आता त्यांना गिऱ्हाईक दिसलं. मग शोधाशोध सुरू झाली आणि या तंबूंतल्या, नाट्यगृहांतल्या बायकांना बोलावणी गेली. १९२३ च्या डिसेंबरात मा रेनीनं पहिल्यांदा तबकडीसाठी गाणं दिलं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत बेसी स्मिथनं.

बेसी ही टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावची. लहानपणीच आई-बाप गेले, मोठ्या बहिणीनं भावंडांना वाढवलं. ही पोर रस्त्याच्या कडेला उभी राहून गायची, भाऊ गिटार वाजवायचा, लोक नाणी टाकायचे. थोरला भाऊ एका फिरत्या कंपनीत होता. १९१२ साली त्यानं तिला तिथे लावून दिलं, तेही नाचणारी म्हणून. गाणारी नको होती, कारण कंपनीत आधीच मा रेनी होती. बेसी तिच्याबरोबर राहिली, पाहत राहिली, आणि मग आपल्या वाटेनं गेली. तबकडी निघण्याआधी दहा-अकरा वर्षं तिनं लोकांसमोर गाऊन काढली. माइक नव्हते तेव्हा. भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा तो छातीच्या जोरावर.

आता पैशांचं ऐका. बेसीची पहिली गाजलेली तबकडी 'डाउनहार्टेड ब्लूज'. हे गाणं रचलं दोन बायकांनी, अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन. अल्बर्टानं ते आधी स्वतः गायलंही होतं. बेसीची तबकडी सहा महिन्यांत साडेसात लाखांहून जास्त खपली असं सांगतात. पण गाण्याच्या हक्काचा व्यवहार मधल्या माणसानं परस्पर केला आणि पैसे त्याच्याकडे गेले. अल्बर्टाला हे कळल्यावर तिनं त्याच्यासाठी गाणंच बंद केलं. आणि बेसी? तिच्याही बाबतीत एक मधला माणूस निघाला, कंपनी देई त्यातले निम्मे तो ठेवून घेत होता. बेसी आणि तिचा नवरा त्याच्या कचेरीत गेले आणि तो कागद रद्द करूनच बाहेर आले. मग कंपनीनं तिच्याशी थेट करार केला: तबकडीच्या एका बाजूला १२५ डॉलर. गरीब घरातल्या पोरीला ती रक्कम थोडी नव्हती. पण पुढे तबकडी किती का खपेना, प्रत्येक विक्रीमागे जो हिस्सा मिळतो, ज्याला रॉयल्टी म्हणतात, ते कलम कागदावरून खोडलेलं होतं. एकदाच पैसे, विषय संपला. तिनं त्या कंपनीसाठी १६० गाणी दिली.

म्हणजे तबकडीनं नाव दिलं. भाकरी दिली ती तंबूनं. नाव गाजलं की खेळाला गर्दी, आणि गर्दी झाली की बिदागी वाढते. भर ऐन काळात बेसीला आठवड्याला दोन हजार डॉलरपर्यंत मिळत. अर्थात त्यात वादक, नाचणाऱ्या पोरी, सामान उचलणारे गडी, सगळ्यांचं भागवायचं. या बायका गायिका तर होत्याच, पण फडमालकिणीही होत्या. कुणाला किती उचल दिली, कोण दारू पिऊन पडलाय, तंबूचा दोर कुठे तुटलाय, हे सगळं त्यांनाच बघावं लागे.

हिवाळ्यात तंबू मिटले की नाट्यगृहं. काळ्या प्रेक्षकांसाठीच्या नाट्यगृहांच्या मालकांनी १९२० च्या सुमारास एक संघटना केली होती. नाव लांबलचक, लोक म्हणत 'टोबा'. दक्षिणेतल्या आणि मधल्या राज्यांतल्या शहरांत एका आठवड्याला एक नाट्यगृह, अशी ती साखळी. बरं यात काय, की वर्षभराचं काम एका ठिकाणी ठरायचं. वाईट काय, की प्रवासखर्च कलावंतांचा, कपडे बदलायच्या खोल्या कोंदट, आणि खेळ कधी रद्द करायचा ते मालकाच्या हातात. त्या नावाच्या अक्षरांवरून कलावंतांनी इंग्रजीत एक विनोद केला होता, त्याचा अर्थ साधारण 'काळ्या कलावंतांचा छळवाद' असा. विनोद करायचे आणि तिथेच गायचे. दुसरं होतं काय?

प्रवासाचं तर विचारूच नका. दक्षिणेत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या खानावळीत जेवण नाही, लॉजमध्ये खोली नाही, गाडीत वेगळा डबा. वीस-पंचवीस माणसांचा फड घेऊन रात्री अकराला गावात उतरायचं आणि निजायचं कुठे? १९२५ साली बेसीनं यावर तोडगा काढला. स्वतःचा रेल्वेचा डबाच घेतला! ७८ फूट लांब, पिवळ्या रंगाचा. त्यात निजायच्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि खाली तंबूचं सामान. गाडीला डबा जोडायचा, गाव आलं की बाजूला लावायचा. कुणाच्या दारात उभं राहायला नको. स्वयंपाक आपला, अंथरूण आपलं. मा रेनीनंही पुढे स्वतःची बस घेतली, तिच्यावर आपलं नाव लिहून. मला वाटतं तबकड्यांच्या सगळ्या कीर्तीपेक्षा त्या बायकांना ही चाकं जास्त मोलाची वाटली असतील.

बेसीच्या चरित्रात १९२७ च्या उन्हाळ्यातली एक गोष्ट आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यात खेळ चालू होता. आत उकडत होतं म्हणून एक वादक बाहेर हवा खायला गेला, तर डोक्यावर पांढरे बुरखे घातलेली काही माणसं तंबूच्या खुंट्या उपटताना दिसली. हे कू क्लक्स क्लॅनचे लोक. काळ्या माणसांना जाळायला, फासावर टांगायला न कचरणारे. वादकानं आत येऊन सांगितलं. बेसीनं गड्यांना बोलावलं, गडी ती माणसं पाहून पळाले. मग ही एकटी त्यांच्यापुढे गेली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली, आणि असं काही बोलली की ते मी रेडिओवर सांगू शकत नाही. थोडा वेळ ती माणसं बघत राहिली, मग अंधारात निघून गेली. बेसी परत आत आली आणि पुढचं गाणं म्हणाली.

पण जे बुरखेवाल्यांना जमलं नाही ते मंदीनं केलं. १९२९ साली अमेरिकेत बाजार कोसळला. त्याच सुमाराला बोलपट आले, घराघरांत रेडिओ आला. नाट्यगृहांनी पडदे लावले, टोबा मोडली. तबकडी कंपनीनं मा रेनीला १९२८ नंतर बोलावलं नाही, बेसीला १९३१ मध्ये रजा दिली. डबाही राहिला नाही. मा रेनी मात्र हुशार. तिनं १९३५ मध्ये फिरणं थांबवलं, आपल्या गावी परतली आणि दोन नाट्यगृहं स्वतः चालवली, मालकीण म्हणून. १९३९ मध्ये ती वारली.

बेसी गात राहिली. जमाना बदलला तशी नवीन चालीची गाणीही गायला लागली, आणि पुन्हा बरे दिवस येत होते. १९३७ च्या सप्टेंबरात रात्री प्रवासात मिसिसिपी राज्यात तिच्या मोटारीला अपघात झाला. हात जवळजवळ तुटला, खूप रक्त गेलं. काळ्या रुग्णांच्या दवाखान्यात तिचा अंत झाला. गोऱ्यांच्या दवाखान्यानं तिला दारातून परत पाठवलं, अशी गोष्ट पुढे अनेक वर्षं सांगितली गेली, ती खरी नाही. पण इतक्या लोकांना ती सहज खरी वाटली, त्यावरून तेव्हाचे दिवस कळतात. फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला हजारो माणसं आली. आणि कबरीवर दगड? तेहतीस वर्षं नव्हता. १९७० साली दोन बायकांनी मिळून तो बसवला. एक जॅनिस जॉप्लिन, गोरी, गाजलेली गायिका. दुसरी ह्वानिटा ग्रीन. ती लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायला जायची.

अल्बर्टा हंटरचं राहिलंच की! ज्या गाण्याचे पैसे दुसरीकडे गेले, ती. ती पोरवयात मेम्फिसमधून पळून शिकागोला आली होती, तिथल्या नाइटक्लबांत गायली, १९२८ मध्ये लंडनच्या मोठ्या नाट्यगृहात उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसमोर गाण्यासाठी भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही येऊन गेली. मग पन्नाशी उलटल्यावर आई गेली, तिचं गाण्यातलं मन उडालं. तिनं परिचारिकेचं शिक्षण घेतलं. वय बारा वर्षांनी कमी सांगितलं, नाहीतर घेतलं नसतं. न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी रुग्णालयात वीस वर्षं रुग्णांची सेवा केली, आपण कोण होतो हे कुणाला न सांगता. १९७७ मध्ये रुग्णालयानं तिला निवृत्त केलं, का, तर सत्तरी झाली म्हणून. झाली होती ब्याऐंशी! घरी बसणं तिला जमेना. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका छोट्या खानावळीवजा क्लबात ती पुन्हा गायला उभी राहिली. थोड्या आठवड्यांसाठी म्हणून सुरू झालेलं ते काम वर्षानुवर्षं चाललं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी गायली. १९८४ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, ती गेली.

पुढच्या पिढीचंही फार निराळं नाही. बिग मामा थॉर्नटननं १९५२ मध्ये 'हाउंड डॉग' हे गाणं गायलं, सात आठवडे ते काळ्या संगीताच्या यादीत पहिलं होतं. तिला मिळाले, ती सांगायची, एकूण पाचशे डॉलर. चार वर्षांनी तेच गाणं एल्विस प्रेस्ली गायला आणि जगभर गाजला. बिग मामा शेवटपर्यंत क्लबांत, महोत्सवांत गाऊन जगली. रुथ ब्राउन नावाच्या गायिकेवर गाणं थांबल्यावर दुसऱ्यांच्या घरची कामं करायची, शाळेची बस चालवायची वेळ आली. तिनं मात्र एका वकिलाला धरून जुने कागद काढले आणि कंपनीशी अनेक वर्षं भांडली. १९८८ पर्यंत कंपनीला थकलेली रॉयल्टी मान्य करावी लागली, तिची एकटीचीच नव्हे, तर तिच्यासारख्या इतरांचीही. म्हाताऱ्या, आजारी कलावंतांसाठी एक निधीही त्यातूनच उभा राहिला.

आणि कोको टेलर. मेम्फिसजवळच्या कापसाच्या रानातून नवऱ्याबरोबर शिकागोला आली, ती सांगायची, पस्तीस सेंट आणि बिस्किटांचा एक पुडा घेऊन. दिवसा श्रीमंतांची घरं झाडायची, रात्री क्लबात गायची. पुढे तिचा स्वतःचा वाद्यवृंद झाला. १९८८ मध्ये त्यांची गाडी डोंगराच्या कडेवरून खाली गेली, हाडं मोडली, तरी बरी होऊन ती परत गायला लागली. २००९ च्या मे महिन्यात, ऐंशी वर्षांची असताना, मेम्फिसच्या पुरस्कार सोहळ्यात ती गायली. चार आठवड्यांनी वारली.

तर मावशी, तुमचं उत्तर. त्या गाण्याचे तिला पैसे मिळाले, पण एकदाच मिळाले. डबा घेतला तो तंबूतल्या कमाईतून. येत्या बुधवारी तिचंच दुसरं गाणं लावणार आहोत, तिसऱ्या ओळीकडे कान ठेवा. दळण त्या दिवशी जरा लवकर उरका.